युद्धाच्या धामधुमींतील राजधर्म

राज्यकर्त्याची खरी परीक्षा केव्हां होते? सुकाळांत, तिजोरी भरलेली व सरहद्द शांत असतां, चार शाळा काढणें आणि दोन विहिरी बांधणें कोणासही साधतें. परंतु दूर देशीं तोफा धडधडूं लागल्या, धान्याचे भाव चढले आणि दरबारचें लक्ष सैन्यभरतीकडे व युद्धफंडाकडे लागलें, म्हणजे सुधारणेच्या कागदांवर धूळ सांचूं लागते. लढाई संपूं द्या, मग पाहूं, हें उत्तर अशा वेळीं प्रत्येक कचेरींत तयार असतें. आणि तें इतकें समंजस दिसतें कीं, त्यावर आक्षेप घेणाराच वेडा ठरतो. हें उत्तर ज्यानें स्वीकारलें नाहीं अशा एका राज्यकर्त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. हा राज्यकर्ता आम्हांस परका नाहीं. हातकणंगल्याचा मुलूख संस्थानी काळीं आळतें पेठ्यांत मोडत असे व त्यावर कोल्हापूरच्या छत्रपतींचा अंमल चाले. राजर्षि शाहू छत्रपतींच्या हुकुमांचा परिणाम येथील चावडींत, येथील पाणवठ्यावर आणि येथील कुणब्याच्या घरांत प्रत्यक्ष होत असे.

महाराजांची तसबीर नाहीं अशी कचेरी व त्यांचें नांव निघत नाहीं असें व्यासपीठ आज या जिल्ह्यांत सांपडणें कठीण. ही गोष्ट आनंदाची आहे, पण पुरेशी नाहीं. पूज्य पुरुषास हार घातला म्हणजे त्याच्या शिकवणुकीचा हिशेब देण्याची जबाबदारी संपली, असा आमच्या समाजाचा जुना समज आहे. आम्हांस वाटतें, महाराजांच्या अठ्ठावीस वर्षांच्या कारकीर्दींत १९१४ ते १९२० हीं वर्षें विशेष अभ्यासण्यासारखीं आहेत. याच काळांत युरोपांतील महायुद्ध पेटलें, आणि याच काळांत, युद्ध चालू असतांना व त्याच्या पाठोपाठ, महाराजांचे सर्वांत धाडसी कायदे निघाले. ज्या तत्त्वांवर त्यांनीं राज्य केलें तीं तत्त्वें या सहा वर्षांत जितकीं स्पष्ट दिसतात तितकीं अन्य कोठेंही दिसत नाहींत.

त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजीं कागलकर घाटगे घराण्यांत झाला. जन्मनांव यशवंतराव, वडिलांचें नांव जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब. कोल्हापूरच्या गादीवरील चवथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगरच्या किल्ल्यांत इंग्रजांच्या कैदेंत मरण पावले होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनीं १७ मार्च १८८४ रोजीं या दहा वर्षांच्याही आंतील मुलास दत्तक घेतलें. पुढें राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत आणि नंतर धारवाड येथें फ्रेझर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण झालें, व २ एप्रिल १८९४ रोजीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्यांनीं राज्याचीं सूत्रें हातीं घेतलीं. गादीच्या मागील धनी परकीयांच्या पहाऱ्यांत मेला, ही गोष्ट त्या मुलाच्या मनांतून कधीं गेली असेल असें वाटत नाहीं. इंग्रज सत्तेशीं त्यांनीं पुढें जें धोरण ठेवलें त्याचा विचार करतांना वाचकांनीं हा आरंभ ध्यानांत ठेवावा.

गादीवर येतांच त्यांनीं संस्थानाची फिरती केली. रयत कशी राहते हें त्यांनीं पाहिलें, आणि कारभार कोणाच्या हातीं आहे हेंही पाहिलें. १८९४ सालीं सामान्य कारभारांतील ७१ अधिकाराच्या जागांपैकीं ६० जागा एकट्या ब्राह्मण जातीकडे होत्या. उरलेल्या ११ जागा बाकीच्या साऱ्या समाजास पुरवावयाच्या होत्या. ज्या शेतकऱ्याच्या साऱ्यावर संस्थान चाले, त्याच्या घरचा मनुष्य त्या संस्थानाच्या कचेरींत शिपायाखेरीज सहसा दिसत नसे. अशा स्थितींत १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याला लागूनच प्लेगची सांथ आली. महाराजांनीं स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं, तगाई दिली, आणि दुष्काळी कामांवर येणाऱ्या मजूर बायांच्या मुलांची सोय लावली. संकट हें सर्वांवर सारखें येत नसून तें तळच्या माणसावर प्रथम व सर्वांत जोरानें कोसळतें, हा धडा त्यांस येथें मिळाला. राजवाड्यांतील धर्मकृत्यें वेदोक्त पद्धतीनें करण्यास उपाध्यांनीं नकार दिल्यामुळें जें प्रकरण उद्भवलें, त्यानें त्या धड्यास दुसरी बाजू जोडली. छत्रपतींच्या वारसासही जन्मावरून खालीं बसविणारी समाजरचना गरीब माणसाचें काय करीत असेल, याचा त्यांस स्वतःच्या घरांत प्रत्यय आला.

सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठीं महाराज १९०२ सालीं विलायतेस गेले असतां, २६ जुलै रोजीं करवीर सरकारच्या गॅझेटांत एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं निदान शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांस द्याव्या, असा तो हुकूम होता. ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व दुसऱ्या पुढारलेल्या जाति वगळून बाकीचे सर्व लोक त्यांत येत. या हुकुमाचें महत्त्व नुसत्या आंकड्यांत नाहीं. ज्या खात्यांत हें प्रमाण कमी असेल तेथें पुढली नेमणूक याच वर्गांतून करावी, आणि प्रत्येक खातेप्रमुखानें केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनीं दरबारास पाठवावा, अशी पुस्ती त्यास जोडलेली होती. हुकूम काढणारे राजे पुष्कळ होतात. हुकुमाचा तक्ता मागणारा राजा विरळा. १९१२ सालापर्यंत अधिकाराच्या ९५ जागांपैकीं ब्राह्मणांकडील जागा ३५ वर आल्या, त्या या तक्त्यामुळें आल्या.

परंतु जागा राखल्या तरी त्या भरावयास शिकलेलीं माणसें हवींत. १८९६ सालीं सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं एक वसतिगृह निघालें होतें. पण त्यांत कालांतरानें एकाच जातीचे विद्यार्थी उरले. तेव्हां १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह स्वतंत्र निघालें, आणि त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य असे एकेका समाजाचे वसतिगृह कोल्हापुरांत उभें राहत गेलें. त्याबरोबरच रयतेच्या पोटापाण्याचाही विचार चालू होता. १८९५ सालीं शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसली व तेथें गुळाचा मोठा बाजार भरूं लागला. १८९१ पासून कोल्हापूर-मिरज लोहमार्ग हातकणंगल्यावरून धांवत होताच, त्यामुळें या भागांतील मालास दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या. १९०६ सालीं कापडाच्या गिरणीचा पाया घातला गेला, आणि पुढील दोनतीन वर्षांत राधानगरीच्या धरणाचें काम सुरू झालें. भोगावतीचें पाणी अडवून पंचगंगेच्या कांठच्या शेतकऱ्यांस बारमाही पाणी द्यावें, असा तो संकल्प होता.

इतकें होत आहे तोंच १९१४ चा ऑगस्ट उजाडला आणि इंग्लंड जर्मनीविरुद्ध युद्धांत उतरलें. महाराजांनीं इंग्रज सरकारास मनापासून साहाय्य केलें व मराठा तरुणांच्या भरतीस उत्तेजन दिलें. दक्षिण महाराष्ट्रांतील हजारों शेतकऱ्यांचीं मुलें बोटींत बसून मेसोपोटेमियाच्या वाळवंटांत गेलीं. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीकांठच्या कूत या गांवीं हें सैन्य ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यांत सांपडलें. अन्न संपलें, घोडे कापून खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० सैनिक शरण गेले. त्यांपैकीं पुष्कळांचीं हाडें तुर्कस्तानच्या वाटेवर आणि बंदिवासांत राहिलीं. ज्या शेतकऱ्यास आपल्या गांवच्या कारभारांतही कोणी विचारीत नसे, त्यानें ज्या लढाईचें कारण त्यास ठाऊक नव्हतें त्या लढाईंत प्राण दिला. ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं, आणि महाराजांचा गौरव करतांना कोणीही ती लपवूं नये.

महाराजांनीं हा पक्ष कां घेतला? एक कारण उघड आहे. कोल्हापूरची गादी सार्वभौम सत्तेच्या मर्जीवर टिकून होती, व मागील धन्याचा शेवट त्यांच्या डोळ्यांपुढें होता. दुसरें कारण असें कीं, राष्ट्रीय चळवळीचे त्या काळचे महाराष्ट्रांतील बरेच पुढारी वेदोक्तापासून नोकऱ्यांपर्यंत प्रत्येक प्रश्नांत महाराजांच्या विरुद्ध उभे होते. तेव्हां घरच्या विरोधाविरुद्ध त्यांनीं परक्याची ढाल धरली. तिसरें कारण या दोहोंहून खोल आहे. शेतकऱ्याच्या मुलानें पलटणींत जाऊन जग पाहावें, शिस्त शिकावी, घरीं रोख पैसा धाडावा आणि मान वर करून गांवांत परत यावें, यांत त्यांस त्या समाजाची उन्नति दिसत होती. इंग्रजांनीं पूर्वीं सैन्याचे दरवाजे महार समाजास बंद केले होते. १९१७ सालीं महारांची १११ वी पलटण उभी राहिली, ती या युद्धाच्या गरजेनेंच. परंतु गरज सरली, आणि १९२१ सालीं ती पलटण मोडण्यांतही आली. परक्याच्या युद्धांतून मिळालेला मान किती दिवस टिकतो, हें यावरून दिसून येतें.

याच वेळीं इतर देशांत काय चाललें होतें? अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनीं १९१३ ते १९१६ या काळांत पेढ्या, मोठ्या व्यापारी कंपन्या व रेल्वे कामगारांचे तास यांविषयीं महत्त्वाचे कायदे केले. परंतु १९१७ च्या एप्रिलांत लोकशाहीच्या रक्षणाचा पुकारा करून त्यांनीं युद्धांत पाऊल टाकलें, तेव्हां घरच्या सुधारणा मागें पडल्या आणि टीकाकारांस तुरुंगांत धाडणारे कायदे पुढें आले. शिवाय त्यांच्याच कारकीर्दींत सरकारी कचेऱ्यांतून काळ्या नोकरांस गोऱ्यांपासून वेगळें बसविण्याची चाल बळावली. उलट इंग्लंडानें, युद्ध ऐन भरांत असतां, १९१८ सालीं चवदा वर्षांपर्यंतचें शिक्षण सक्तीचें केलें. म्हणजे युद्धामुळें सुधारणा थांबलीच पाहिजे असा कांहीं सृष्टिनियम नाहीं. थांबवावयाची कीं नाहीं, हें राज्यकर्त्याची बुद्धि ठरविते. सुमारें ८ लाख वस्तीच्या एका मांडलिक संस्थानाच्या अधिपतीनें काय ठरविलें, तें आतां पाहूं.

१९१७ सालीं कोल्हापूर दरबारानें प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. गोखल्यांनीं असा कायदा सर्व देशासाठीं वरिष्ठ कायदे-कौन्सिलांत मागितला होता व सरकारानें तो १९१२ सालीं फेटाळला होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं तो सर्व राज्यास लागू केला होता. पण बडोद्याची तिजोरी कोल्हापूरच्या कितीतरी पट मोठी. मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास महिन्यास एक रुपया दंड ठेवण्यांत आला. त्या काळच्या मजुरास एक रुपया म्हणजे पुष्कळ दिवसांची कमाई होती. तेव्हां हा दंड कठोर होता, यांत शंका नाहीं. पण त्याच हुकुमानें फी माफ होती आणि शाळा गांवांत येत होती. पहिल्या वर्षीं, १९१७-१८ सालीं, या योजनेंत २७ शाळा व १,२९६ मुलें होतीं. १९२१-२२ सालीं शाळा ४२० झाल्या व मुलांची संख्या २२,००० च्या वर गेली. हीं वर्षें महागाईचीं, इन्फ्लुएंझाचीं व पैशाच्या ओढाताणीचीं होतीं. राधानगरीच्या धरणाची भिंत चाळीस फुटांपर्यंत चढून १९१८ च्या सुमारास थांबली; शाळा मात्र थांबल्या नाहींत. तिजोरींत दोहोंपुरता पैसा नसतां कोणास आधीं द्यावा, हा प्रश्न प्रत्येक राज्यकर्त्यापुढें येतो, आणि त्याच्या उत्तरावरून त्याचीं तत्त्वें ओळखूं येतात.

१९१८ सालाइतकें कठीण साल महाराजांच्या आयुष्यांत दुसरें नसेल. जून महिन्यांत त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी डुकराच्या शिकारींत घोड्यावरून पडून निवर्तले. घरांत बालविधवा सून राहिली. तिला शिकवावयाचें असें महाराजांनीं ठरविलें, आणि आप्तांचा विरोध न जुमानतां तिच्या अध्ययनाची व्यवस्था लाविली. त्याच इंदुमति राणीसाहेब पुढें मॅट्रिक झाल्या. आदल्याच वर्षीं विधवाविवाहास कायद्याची मान्यता देणाऱ्या राजास घरचा प्रसंग आला असतां तोंड फिरवितां आलें नाहीं, ही त्याच्या सचोटीची साक्ष आहे. त्याच १९१८ सालीं कुलकर्णी वतनें बंद होऊन त्यांच्या जागीं पगारी तलाठी आले, व त्या जागीं अस्पृश्य तरुणांचीही नेमणूक झाली. महार वतनाच्या जमिनी रयताव्याच्या करण्यांत आल्या, त्यामुळें वेठबिगारीचें मूळच तुटलें. ज्या जातींच्या माणसांस जन्मतः गुन्हेगार मानून रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे, त्यांची ती हजेरी बंद झाली. ज्या माणसास रोज संध्याकाळीं आपण चोर नसल्याचें सिद्ध करावें लागे, त्यास त्या दिवशीं काय वाटलें असेल, याची कल्पना आज करणेंही कठीण आहे.

युद्ध १९१८ च्या नोव्हेंबरांत थांबलें, पण हुकुमांचा ओघ थांबला नाहीं. १९१९ च्या जानेवारींत शाळा, दवाखाने, धर्मशाळा, पाणवठे व सरकारी कचेऱ्या येथें अस्पृश्यांस इतरांप्रमाणेंच वागविलें पाहिजे, असें फर्मान सुटलें. ज्या नोकरास हें मान्य नसेल त्यानें सहा आठवड्यांच्या आंत राजीनामा द्यावा. त्यास पेन्शन मिळणार नाहीं, असेंही त्यांत बजावलें होतें. त्याच वर्षीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांचीं मुलें सर्वांच्या शाळेंत बसविण्याचा हुकूम झाला. मिश्रविवाहाचा, काडीमोडीचा आणि स्त्रियांस क्रूरतेनें वागविणाऱ्यांस शिक्षा देणारा असे कायदे १९१९ सालीं झाले, व १९२० च्या आरंभीं जोगतिणी-देवदासी सोडण्याच्या चालीवर घाव पडला. गंगाराम कांबळे या अस्पृश्य तरुणास महाराजांनीं कोल्हापुरांत चहाचें दुकान घालून दिलें आणि स्वतः तेथें थांबून चहा घेतला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आम्हांस तिचें मोल इतकेंच वाटतें कीं, जो नियम प्रजेस लावला तो राजानें स्वतःच्या ओठांस आधीं लावला.

या सर्व चरित्रांतून जीं तत्त्वें निघतात तीं साधीं आहेत. पहिलें असें कीं, राज्याचें बरेंवाईट वरच्या पायरीवरून मोजावयाचें नसून शेवटच्या पायरीवरून मोजावयाचें. दुसरें असें कीं, उपदेश हा कायद्याचा पर्याय नव्हे, आणि कायद्याच्या मागें दंड, तक्ता व जबाबदार अधिकारी नसेल तर तो उपदेशाहून बरा नव्हे. तिसरें असें कीं, अन्याय सोसणाऱ्यास सोयीच्या काळाची वाट पाहावयास सांगणें हा त्या अन्यायाचाच एक भाग होय. रणांगणावर जो शेतकरी व जो महार बादशहाच्या शत्रूवर गोळी झाडण्यास योग्य ठरतो, तो गांवच्या विहिरीवर पाणी भरण्यास अयोग्य कसा, या प्रश्नास युद्धानेंच धार आणली होती. महाराजांनीं त्या प्रश्नाचें उत्तर युद्ध संपण्याची वाट न पाहतां देण्यास आरंभ केला, यांतच त्यांची थोरवी आहे.

त्यांच्यावरील आक्षेपही वाचकांपुढें ठेवणें आमचें कर्तव्य आहे. एक आक्षेप असा कीं, वसतिगृहें जातवार काढून त्यांनीं जातिभेद पोसला. सर्वांचें एक वसतिगृह आधीं काढून पाहिल्यावर जो अनुभव आला तो वर सांगितलाच आहे. आणि ज्यानें मिश्रविवाहाचा कायदा केला त्याचा हेतु जाति राखण्याचा होता असें म्हणणें धाडसाचें होईल. तरी पण जातीच्या छत्राखालीं शिकलेला तरुण पुढें त्या छत्राबाहेर यावा, हा त्यामागचा हेतु किती ठिकाणीं सफल झाला, याचा प्रत्येक समाजानें आपल्याशीं विचार करावा. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. १९२१ च्या नोव्हेंबरांत देशानें युवराजांच्या आगमनावर बहिष्कार घातला असतां महाराजांनीं त्यांच्याच हस्तें पुण्यास शिवस्मारकाची कोनशिला बसविली. आणि स्वतःच्या राज्यांत त्यांनीं लोकांस जबाबदार राज्यपद्धति दिली नाहीं. प्रजा शिकण्यापूर्वीं मतें दिल्यास सत्ता पुन्हा मूठभर शिकलेल्यांच्याच हातीं जाईल, अशी त्यांची भूमिका होती. तींत तथ्य होतें. पण शिक्षण पुरें झालें कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवणारी राज्यपद्धति त्या माणसाच्या आयुष्याइतकीच खात्रीची असते. सर्वच राजे शाहू नसतात.

महाराजांस ही उणीव कळली नव्हती असें मात्र नाहीं, आणि याचा पुरावा आमच्याच तालुक्यांत आहे. आज हातकणंगले तालुक्यांत असलेलें माणगांव त्या वेळीं कागल जहागिरींत होतें. तेथें २१ व २२ मार्च १९२० रोजीं अस्पृश्य वर्गाची परिषद भरली. गांवचे आप्पासाहेब पाटील हे जन्मानें जैन. परिषद भरविण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. भीमराव आंबेडकर, त्या वेळीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक. त्यांच्या मूकनायक पत्रास महाराजांनीं त्याच वर्षीं २,५०० रुपयांचें साहाय्य केलें होतें. महाराज त्या खेडेगांवीं स्वतः आले, आणि अस्पृश्यांस त्यांच्यांतूनच पुढारी लाभला आहे, त्यास त्यांनीं ओळखावें, असें त्यांनीं त्या जनसमुदायास सांगितलें. पंचवीस वर्षें ज्यांच्यासाठीं हुकूम काढले त्यांनीं आतां राजाच्या तोंडाकडे न पाहतां आपल्यांतील माणसाच्या मागें जावें, असें सांगणारा राजा आपल्याच सत्तेची मर्यादा जाणत होता. आमच्या मतें त्यांच्या राज्यतत्त्वांचा कळस वाड्यांत किंवा दरबारांत नसून माणगांवच्या त्या सभेंत आहे.

६ मे १९२२ रोजीं मुंबईंत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, महाराजांचें देहावसान झालें. १९४९ च्या मार्चांत कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. माणगांवच्या परिषदेचा तरुण अध्यक्ष ज्या राज्यघटनेचा प्रमुख शिल्पकार झाला, तिनें १९५० सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं नोकऱ्या राखण्याचें तत्त्व सर्व देशास लागू केलें. राधानगरीचें धरण १९५७ सालीं पुरें झालें, व तें पाणी पंचगंगेंतून या तालुक्याच्या उंसास आजही मिळतें. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हक्क सर्व भारतांतील मुलांस २००९ च्या कायद्यानें मिळाला. म्हणजे कोल्हापूरच्या हुकुमानंतर त्यास ९२ वर्षें लागलीं.

आतां प्रश्न आमचा आहे. ज्या पाण्यावर ऊंस पिकतो त्याच ऊंसाच्या फडांत, गळिताच्या हंगामांत, मराठवाड्यांतून आलेल्या तोडणी टोळ्यांचीं मुलें आईबापांच्या मागें हिंडतांना दिसतात. त्यांचें नांव दूरच्या एखाद्या गांवीं शाळेच्या पटावर असतें, आणि तें मूल येथें वाढ्यांच्या मोळ्या वाहत असतें. कायदा आहे, पण या मुलापुरता तक्ता कोण मागतो? हंगाम संपूं द्या, मग पाहूं, हें त्याच जुन्या उत्तराचें नवें रूप नव्हे काय? महाराजांच्या काळीं निमित्त महायुद्धाचें होतें. आमच्यापाशीं तेवढेंही मोठें निमित्त नाहीं. ग्रामपंचायतीनें, कारखान्यानें, शिक्षकानें व प्रत्येक बागाइतदारानें आपल्या हद्दींत आलेल्या अशा मुलांची गणती करावी, त्यांस हंगामापुरतें तरी जवळच्या शाळेंत बसवावें, आणि त्याचा हिशेब गांवसभेंत वाचून दाखवावा. यास राजाची गरज नाहीं, फर्मानाचीही नाहीं. हार घालणारे हात पुष्कळ आहेत. त्यांपैकीं थोडे जरी हजेरीपट लिहूं लागले, तरी त्या राज्यकर्त्याचें ऋण कांहीं अंशीं फिटेल.